पास्कलचे दाजी आणि दगड झालेला ब्रेक

मंडळी, मोटारीचा ब्रेक साधारण तीन तऱ्हांनी रुसतो. पहिली तऱ्हा म्हणजे पेडल स्पंजासारखं मऊ लागतं, दाबलं तरी समाधान होत नाही. अशा वेळी ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरलेली असते. दुसरी तऱ्हा म्हणजे पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली खाली जात राहतं. तेल गळत असतं किंवा मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलेलं असतं. तिसरी तऱ्हा ह्या दोन्हींच्या अगदी उलट. पेडल हलतच नाही. दगडावर पाय ठेवल्यासारखं वाटतं, आणि गाडी मात्र आपल्या चालीने पुढे जातच असते.

आज मला ह्या तिसऱ्या तऱ्हेबद्दल लिहायचं आहे. मी स्वतः आयुष्यात कधी मोटार चालवली नाही. चाळीस वर्षं खडू आणि सायकल ह्या दोनच वस्तू हाताळल्या, तेव्हा 'गुरुजी, तुम्हाला काय कळतं त्यातलं?' असं कोणी म्हणेल. पण मी इतिहास शिकवला आहे, आणि ह्या दगड झालेल्या पेडलला चांगला पावणेचारशे वर्षांचा इतिहास आहे. शिवाय आमच्या पिढीने मोठ्या अभिमानाने पुढच्या पिढीच्या हातात दिलेली एक सवय त्याच्याशी बांधलेली आहे. ती सवय आपल्या नात्यातल्या निदान पाच-सहा जणांना अजून आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. नावं घेत नाही, पण त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, ह्यांनी १९७८ साली एक जुनी फियाट घेतली. नाव तेव्हा 'प्रीमियर पद्मिनी' झालेलं होतं, पण फियाट म्हणायची सवय कोणाची सुटली होती? वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. आपल्या रस्त्यांवर १९६४ साली ही 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली, आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून विकली जाऊ लागली. दाजींचा त्या गाडीवर जीव होता. पेट्रोलवर मात्र त्याहून जास्त जीव! १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव असे चढले होते की गाडीवाल्या माणसाला दोन पैसे वाचवण्याचं व्यसनच लागलं होतं. पाचगणीहून वाईला येताना पसरणी घाट सुरू झाला की दाजी गाडी न्यूट्रलमध्ये टाकायचे आणि किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे. मग एकदम शांतता. फक्त टायरांचा आवाज, खाली धोम धरणाचं पाणी, आणि मागे बसलेल्या ताईचं रामनाम. 'फुकटात वाई!' असं दाजी खाली उतरल्यावर म्हणत.

दाजींच्या ह्या उद्योगाला मी कधी चांगलं म्हटलं नाही. उतारावर गिअरचा धरबंद सोडला की सगळा भार ब्रेकवर येतो, तो तापतो, हे तेव्हाही खरंच होतं. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने मान्य केली पाहिजे. इंजिन बंद केल्याने त्या फियाटच्या ब्रेकला काहीही फरक पडत नव्हता. इंजिन चालू असो की बंद, पेडल तेवढंच जड लागायचं, कारण त्या ब्रेकला इंजिनाची मदत मुळी नव्हतीच. दाजींच्या पायाचा जोर, पेडलच्या तरफेने वाढवलेला, तेलामार्फत चारही चाकांच्या ड्रमपर्यंत जायचा, एवढाच कारभार. जुन्या अँबॅसॅडरचंही तेच. त्या काळच्या ड्रायव्हरांच्या पोटऱ्या बघितल्या असतील तर पटेल.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. भाचा आता पन्नाशीला आला, त्याची पेट्रोलची छोटी गाडी आहे. महिनाभर तो म्हणत होता, 'मामा, ब्रेक थोडा कडक लागतोय.' एका वर्कशॉपमध्ये गाडी दिली. त्यांनी पुढचे पॅड बदलले, बऱ्यापैकी मोठं बिल दिलं, आणि 'आता बघा, मक्खन' असं सांगून गाडी परत केली. दोन आठवड्यांनी तो ताईला घेऊन पाचगणीला गेला. येताना पसरणी घाट लागला, आणि वडिलांची आठवण म्हणा की रक्तातली काटकसर म्हणा, त्याने वडिलांनी शिकवलं होतं तेच केलं. न्यूट्रल, आणि इंजिन बंद. पुढचं वळण आलं, ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल दगड!

दोन्ही पाय पेडलवर, हँडब्रेक ओढलेला, आणि डावं चाक डोंगराच्या बाजूच्या गटारात, अशी ती गाडी थांबली. ताईला काही झालं नाही. चष्मा तेवढा फुटला. सत्तरी ओलांडलेल्या बाईने त्या दिवशी मुलाला काय काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर प्रश्न असा, की वडिलांनी शंभर वेळा केलेली गोष्ट मुलाला पहिल्याच वळणावर का भोवली? त्याच्या गाडीतून नेमकं काय निघून गेलं होतं? उत्तर ऐकायला विचित्र आहे. निघून गेलं होतं ते 'काही नसणं'. म्हणजे निर्वात, व्हॅक्यूम. आणि इथून गोष्ट फ्रान्सला जाते.

१६४३ साली इटलीत टॉरिचेलीने पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरायचा प्रयोग पुढे आणला. पारा थोडा उतरतो आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थबकतो. वर रिकामी जागा राहते. हा पारा कोण तोलून धरतं? टॉरिचेली म्हणाला, बाहेरच्या हवेचं वजन. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. पण निसर्गाला रिकामी जागा सहनच होत नाही असं मानणारे विद्वान तेव्हा पुष्कळ होते, त्यांना हे पटेना. मग ब्लेझ पास्कल ह्या पंचविशीतल्या फ्रेंच तरुणाने एक साधा सवाल केला: हवेच्या वजनानेच पारा तोलला जात असेल, तर डोंगरावर, जिथे डोक्यावर हवा कमी, तिथे पारा कमी उंच राहायला हवा की नको?

पास्कलची प्रकृती तोळामासा. डोंगर चढणं त्याच्याच्याने होणारं नव्हतं. म्हणून त्याने हे काम दिलं थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला. म्हणजे आपल्या भाषेत दाजींना! फ्लोराँ पेरिए हे त्यांचं नाव. क्लेरमाँ गावात राहायचे, आणि गावाशेजारीच पुय-द-डोम नावाचा जवळजवळ दीड हजार मीटर उंचीचा डोंगर. १९ सप्टेंबर १६४८ ला पेरिए गावातल्या काही प्रतिष्ठित मंडळींना बरोबर घेऊन नळ्या आणि पारा घेऊन वर गेले. जाण्याआधी त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. तशीच दुसरी नळी खाली मठाच्या बागेत लावून ठेवली आणि मठातल्या एका धर्मगुरूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवलं. न जाणो, हवामानामुळेच पारा खालीवर होत असला तर? खालची नळी दिवसभर हलली नाही. वरचा पारा मात्र सुमारे तीन इंच उतरला. मंडळी थक्क झाली, आणि पेरिएंनी खात्रीसाठी डोंगरमाथ्यावर वेगवेगळ्या जागी पुन्हा पुन्हा मोजून बघितलं. शास्त्रज्ञाचा मेहुणा असावा तर असा.

पास्कल १६६२ साली, चाळिशीही न गाठता गेला. दुसऱ्या वर्षी त्याचं एक पुस्तक निघालं, त्यात दोन निबंध होते. एक द्रवांच्या समतोलाबद्दल, दुसरा हवेच्या वजनाबद्दल. पहिल्यात आपण शाळेत पाठ करतो तो पास्कलचा नियम: बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. दुसऱ्यात दाजींनी डोंगरावर मोजलेली हवा. आज कुठल्याही साध्या मोटारीचं बॉनेट उघडा. ब्रेकच्या पेडलमागे हे दोन्ही निबंध एकाला एक जोडून बसवलेले दिसतील. मास्टर सिलिंडर हा पहिला निबंध आणि त्याच्या मागचा काळा गोल डबा, ज्याला मिस्त्री लोक बूस्टर म्हणतात, तो दुसरा.

हवेच्या वजनाकडून काम करून घेता येतं हे लोकांना पटवलं ते जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या ऑटो फॉन गेरिक ह्यांनी, १६५० च्या दशकात. तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना टेकवले, आतली हवा पंपाने काढली, आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. घोडे ओढून ओढून दमले. आत चिकटवायला काही नव्हतं, बाहेरची हवाच दाबून धरत होती. दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मोटारीच्या आधी ही युक्ती आगगाडीच्या ब्रेकला लागली, आणि तिथे एक फार वाईट धडा मिळाला. १२ जून १८८९. आयर्लंडमधलं आर्मा गाव. रविवारच्या शाळेतल्या मुलांची सहल निघालेली, गाडी खच्चून भरलेली. चढावर इंजिन दमलं. तेव्हा गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी नेऊन ठेवायचा असं ठरलं. त्या गाडीचा निर्वात ब्रेक जुन्या पद्धतीचा होता. इंजिनाने हवा ओढली तर ब्रेक लागणार, नळी सुटली तर सगळे डबे मोकळे. जोडणी सोडताच मागच्या दहा डब्यांना गार्डच्या डब्यातल्या हातब्रेकशिवाय काही उरलं नाही. चाकांखाली दगड लावले होते, पण पुढच्या भागाचा हलकासा धक्का लागला आणि डबे उतारावरून उलटे धावत सुटले, मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. मी स्वतः शाळेच्या सहली नेलेल्या आहेत. हे प्रकरण मला सलग वाचवलं नाही.

त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. त्यात योजना उलटी केलेली असते. निर्वात असेतो ब्रेक सुटलेला, आणि हवा आत शिरली, मग ती नळी तुटून शिरो की कोणी साखळी ओढून, की सगळ्या डब्यांना ब्रेक लागलाच पाहिजे. विसावं शतक संपेपर्यंत आपल्याकडच्या कितीतरी गाड्या ह्याच ब्रेकवर चालल्या. साखळी ओढल्यावर डब्यातून येणारा तो मोठा 'फुस्स' आवाज आठवतो ना? आत शिरणारी हवा ती.

मोटारीत आधी आला तो पास्कलचा पहिला निबंध. सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक लोखंडी सळ्या नि तारांचे. चारही चाकांना सारखे लागतील तर शपथ. अमेरिकेत माल्कम लॉगहेड ह्यांनी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट १९१७ साली मिळवलं. त्यांचा भाऊ अॅलन विमानांच्या धंद्यात. आडनावाचा उच्चार लोकांना जमेना म्हणून पुढे 'लॉकहीड' असं लिहू लागले, तेच हे लॉकहीड. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर तेलाचे ब्रेक आले, १९२४ ला क्रायस्लरने ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. हेन्री फोर्ड मात्र हटून बसले. ब्रेक पोलादाचाच हवा, तेलाचा नको! त्यांच्या गाड्यांना तेलाचे ब्रेक लागायला १९३९ चं मॉडेल उजाडावं लागलं. मोठ्या माणसांचा हट्टही मोठाच.

पण तेल फक्त जोर वाटून देतं, तो निर्माण करत नाही. गाड्या जड होत गेल्या, वेग वाढला, आणि माणसाचा पाय होता तेवढाच राहिला. मदतनीस कुठून आणायचा? हिस्पानो-सुइझाच्या १९१९ च्या गाडीत मार्क बिर्किग्ट ह्यांनी तो गाडीच्या फिरत्या यंत्रणेतूनच काढला, सगळा दातेरी चाकांचा खटाटोप. रोल्स-रॉईसनेही त्यांचीच कल्पना परवान्याने घेतली. खरा सुटसुटीत मार्ग सुचला तो बेल्जियमच्या आल्बेर दवांद्र ह्यांना. पेट्रोल इंजिन चालताना हवा आत ओढतंच. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेची वाट मिटते, पण पिस्टन ओढतच राहतात, त्यामुळे तिथल्या नळीत, मिस्त्रींच्या भाषेत मॅनिफोल्डमध्ये, चांगला निर्वात तयार होतो. आणि ब्रेक आपण कधी मारतो? अॅक्सिलरेटर सोडल्यावरच! ज्या क्षणी मदत हवी त्याच क्षणी ती फुकटात हजर. दवांद्र ह्यांचा हा मदतनीस जर्मनीत बॉश कंपनीने १९२७ पासून बाजारात आणला, आणि १९२८ साली अमेरिकेतल्या पिअर्स-अॅरो गाडीत निर्वाताच्या मदतीचा ब्रेक आला.

बूस्टरचा डबा आतून असा असतो. मध्ये रबराचा मोठा पडदा. पाय पेडलवर नसताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिनाने ओढून घेतलेली, त्यामुळे पडदा स्वस्थ. पाय ठेवला की एक बारीक झडप उघडते आणि पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते. पुढे निर्वात, मागे हवा. हवा पडद्याला पुढे ढकलते, आपल्या पायाच्या जोडीला आपला जोर लावते. आता मघाचा आकडा घ्या. पडद्याचा व्यास वीस सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. पूर्ण निर्वात कधीच नसतो, तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला एक किलोऐवजी ६००-७०० ग्रॅमचा फरक धरा. तरी दोनशे किलो होतात! पेडलवर आपण चवड्याने अलगद पाय ठेवतो, आणि शेजारी दोन धट्टेकट्टे पैलवान उभे राहून ढकलत असतात. बूस्टर बंद पडला म्हणजे हे पैलवान निघून गेले. रेल्वेच्या ब्रेकशी इथे मोठा फरक आहे. तिथे निर्वात गेला की ब्रेक लागतो. इथे निर्वात गेला की मदत जाते. ब्रेक मात्र जाग्यावर असतो, फक्त तो आता सगळा आपल्या एकट्या पायाने दाबायचा असतो. घाबरलेल्या माणसाला हे कळत नाही. त्याला वाटतं ब्रेक फेल झाला, आणि तो पाय काढतो.

मग फियाटला पैलवान नव्हते तरी ती कशी थांबायची? त्याचं कारण ड्रम. ड्रमच्या आत लायनरचे जे चंद्रकोरीसारखे पट्टे असतात त्यातला एक फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच आणखी घट्ट रुततो. म्हणजे चाकाचाच जोर चाकाला थांबवायला लागतो. डिस्क ब्रेकमध्ये हे नाही. तिथे दोन पॅड चकतीला दोन्हीकडून चिमटीत धरतात, आणि जेवढं दाबाल तेवढंच थांबेल. १९५३ ला ल माँच्या शर्यतीत जॅग्वार गाडी डिस्क ब्रेकवर जिंकली आणि डिस्कचा बोलबाला झाला. तापल्यावर ड्रमसारख्या त्या ढिल्या पडत नाहीत, पण त्यांना चिमटा जबरदस्त लागतो. डिस्क आली की मागोमाग बूस्टर आलाच. आपल्याकडे मद्रासला ब्रेक्स इंडिया कंपनी १९६२ पासून होती, पण घरगुती गाड्यांत पुढच्या चाकांना डिस्क आणि पेडलमागे बूस्टर हे चित्र सर्रास झालं ते मारुती आल्यानंतरच्या दोन दशकांत. गाडी बदलली, हे सगळ्यांनी पाहिलं. पेडल हलकं झालं म्हणून सगळे खूशही झाले. ते हलकं कशाने झालं हे मात्र विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि घेणाऱ्याने विचारलं नाही. दाजींची पिढी आपल्या मुलांना 'उतारावर इंजिन बंद कर रे' हे शिकवतच राहिली.

आता भाच्याच्या गाडीकडे. बूस्टर निरोगी असेल तर इंजिन बंद केल्यावरही डब्यात दोन-तीन वेळा ब्रेक मारण्यापुरता निर्वात साठून राहतो. मग त्याचं पेडल पहिल्याच वळणाला दगड कसं झालं? आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांना गाडी दाखवली. पाना हातात घेण्याआधी त्यांनी नुसत्या पायाने तपासणी केली, ती सगळ्यांनी लिहून ठेवावी अशी आहे.

इंजिन बंद ठेवून त्यांनी चार-पाच वेळा पेडल दाबलं, ते कडक झालं. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू केलं. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे, तसं ते सरकलं. म्हणजे पैलवान येतायत, पडदा शाबूत. तो फाटला असता तर पेडलपाशी सतत सूं सूं आवाज आला असता आणि इंजिनही अडखळलं असतं. मग त्यांनी दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद केलं, क्षणभर थांबून पेडल दाबलं. पहिला दाब मऊ यायला हवा, दुसरा जरा कडक, तिसरा आणखी. इथे पहिलाच दाब दगड! मिस्त्री हसले. 'गुरुजी, घागरीला भोक आहे. भरतीय, पण राहत नाही.'

इंजिनाकडून बूस्टरला जी जाड रबरी नळी येते तिच्यात एक छोटा वनवे व्हॉल्व्ह असतो. हवा बूस्टरकडून इंजिनाकडे जाऊ द्यायची, उलट येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. मिस्त्रींनी तो उपसून काढला आणि तोंडाने फुंकला. एका बाजूने फुंकर गेली, ठीक. दुसऱ्या बाजूनेही गेली! आतली रबराची चकती कडक होऊन चिरली होती. इंजिन चालू असताना कसंबसं निभावत होतं, चढावर जोर लावून लगेच ब्रेक मारला की कडक लागायचं, आणि इंजिन बंद केल्याक्षणी डबा रिकामा. नवीन व्हॉल्व्ह दोन थाळ्यांच्या जेवणापेक्षा स्वस्त पडला. आधीच्या वर्कशॉपने बदललेल्या पॅडमध्ये काहीच दोष नव्हता. (जुने पॅड भाच्याने मागून घेतले होते. अजून निम्मे शिल्लक.) पायाची तपासणी करायला पाच मिनिटं लागतात आणि तिचं बिल करता येत नाही, हीच तिची अडचण असावी.

सगळ्याच कडक ब्रेकांना व्हॉल्व्ह जबाबदार नसतो, हेही सांगितलं पाहिजे. ती रबरी नळीच क्लिपपाशी चिरते, किंवा आतून पापुद्रे सुटून बुजते. डिझेल इंजिनात अॅक्सिलरेटरची ती हवेची वाट मिटवणारी झडप मुळात तशी नसते, म्हणून निर्वातासाठी वेगळा पंप लागतो. बऱ्याच गाड्यांत तो आल्टर्नेटरच्या पाठीवर असतो, तो झिजला की हीच कथा. बूस्टर ठणठणीत असून पेडल कडक असेल तर कॅलिपर जाम झालेला असू शकतो. कोणी भलतंच तेल ब्रेकच्या टाकीत ओतलं तर रबरं फुगून बसतात. आणि लांब उतारावर पॅड अतिशय तापले, तर पेडल घट्ट लागतं पण पकड जाते. हे शेवटचं घाटात फार होतं, आणि त्याला गिअरमध्ये उतरणं हाच उपाय.

चालत्या गाडीत पेडल दगड झालं तर काय करायचं, तेही मिस्त्रींनी भाच्याला माझ्यासमोर सांगितलं. पाय उचलायचा नाही आणि पंप मारायचे नाहीत, प्रत्येक पंपाला उरलासुरला निर्वात खर्च होतो. दोन्ही पायांनी अंगाचा भार टाकून दाबत राहायचं. इंजिन बंद असेल तर न्यूट्रलमध्येच किल्ली फिरवून चालू करायचं. खालचे गिअर एकेक करून घ्यायचे, हँडब्रेक हळूहळू ओढायचा. किल्ली काढायची तर अजिबात नाही, स्टिअरिंग लॉक होईल.

'पण मामा, पेट्रोल तर वाचतं ना?' भाच्याने विचारलंच. शेवटी दाजींचा मुलगा! तर तेही नाही. कार्ब्युरेटरच्या फियाटमध्ये वाचत असेल. फ्युएल इंजेक्शनच्या आजच्या गाड्यांत, गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर पेट्रोल आपोआप तुटतं. चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये टाकलं तर उलट इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरण्यात पेट्रोलही वाचतं, पैलवानही हजर राहतात. हे ऐकून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दाजींची ती फियाट केव्हाच भंगारात गेली. मुंबईच्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अँबॅसॅडरचा कारखाना २०१४ सालीच थांबला होता. बिनबूस्टरच्या गाड्या आता हौशी लोकांच्या गॅरेजात तेवढ्या उरल्या असतील. विजेच्या गाड्यांत तर हवा ओढणारं इंजिनच नाही. तिथे बूस्टरसाठी विजेवरचा छोटा पंप बसवतात, किंवा निर्वाताला रजा देऊन मोटरच पेडलला मदत करते.

भाचा पुढच्या उन्हाळ्यात हीच गाडी घेऊन लेहला जायचं म्हणतोय. मी त्याला पेरिए दाजींचा पारा सांगितला. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच्या आसपास. इंजिनाने ओढायची ती हवा ओढली तरी बाहेरून ढकलणारी हवाच विरळ, म्हणून बूस्टरची मदत त्याहूनही जास्त घटणार. 'म्हणजे दोनशे किलोचे किती, मामा?' शंभर-सव्वाशे धरून चाल, म्हटलं, आणि खिंडींत त्याहून कमी. पेडल तिथे जड लागलं तर गाडी बिघडली असं समजून घाबरायचं नाही, दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरायचं. निघायच्या आदल्या दिवशी मिस्त्रींकडे जाऊन व्हॉल्व्ह पुन्हा एकदा फुंकून घ्यायचं त्याने कबूल केलंय. ताईने मात्र 'मी येणार नाही' हे आत्ताच सांगून टाकलंय.